अप्पांसाठी शांत सायलेन्सर

धाकट्याने गाडीचा सायलेन्सर तिसऱ्यांदा बदलायचं ठरवलं ते अप्पांसाठी. आधीचे दोन त्याने स्वतःसाठी बदलले होते.

गाडी चार दारांची, वरून पाहिली तर संसारी, पण बॉनेटखाली टर्बो असलेली. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी छोटी चक्की; ती इंजिनाला जास्तीची हवा पाजते. धूर जितका मोकळा सुटेल तितकी चक्की लवकर वेग घेते. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस नळ्यांच्या नादी लागतो, आणि धाकटा लागला होता. पहिल्यांदा त्याने मागचा डबा बदलला. आवाज वाढला, वेग होता तिथेच राहिला. दुसऱ्या वेळी डब्यासोबत टर्बोला लागून असलेली पहिली नळीही बदलली. तिला हे लोक डाउनपाइप म्हणतात. मूळच्या नळीत धुरातला विषारी भाग जाळून टाकणारी जाळी असते. नव्या नळीत ती नव्हती. ती तीन इंची, गुळगुळीत आणि मोकळी होती.

नळी घडवली ठिणगीने. वेल्डिंग करताना शर्टांना पडलेल्या बारीक भोकांमुळे हे नाव त्याला चिकटलं होतं. टायरच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वर्कशॉप होतं, आणि भिंतीवर कापलेल्या नळ्या अशा टांगलेल्या असत की नवीन गिऱ्हाइकाला आधी ते भांड्यांचं दुकान वाटे. जाळी ठेवू या का, असं ठिणगीने तेव्हा विचारलं होतं. जास्त मोकळी जाळीही मिळते, जोर थोडा कमी मिळेल, पण डोळे चुरचुरणार नाहीत. धाकट्याने बरेच दिवस व्हिडिओ पाहिले, गाडीवेड्यांच्या गटांवर वाद घातले आणि जाळी नको म्हणून सांगितलं.

"भाऊ, नळी तीन इंची आणि डोकं अडीच इंची, असं गिऱ्हाईक मला आवडतं," ठिणगी म्हणाला होता. "परत येतं."

तो परत आला होता, पण मागणी उलटी होती. ठिणगीने टेबलावर तीन डबे मांडले. पहिला आरपार, आत नुसती भोकांची नळी आणि भोवती काचेची लोकर. दुसऱ्यात झडप, बटण दाबलं की आवाज मोठा, सोडलं की लहान. तिसरा जाडजूड, आत कप्पे, त्यांतून धूर वळसे घेत बाहेर पडणार. तो एखाद्या सरकारी गाडीला शोभला असता. धाकट्याने तिसऱ्यावर हात ठेवला.

ठिणगीने नाक मुरडलं. पुढे महामार्ग आणि शेवटी बोळ, असलं काम त्याला पटत नव्हतं. धूर मध्येच तुंबणार, गाडीचा जोर जाणार. त्यापेक्षा झडपवाला घ्या, वडील बसले की बंद, उतरले की चालू. धाकट्याने मान हलवली. झडप बंद असली तरी ठराविक वेगाला एक घुमणारा आवाज येतोच, आणि नेमका त्यानेच अप्पांचं डोकं दुखतं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला आवाज कमी नको होता, आवाजच नको होता.

मग ठिणगीने जाडा डबा बसवला, मध्ये आणखी एक छोटा डबा जोडला आणि गाडीच्या तळाला आवाज शोषणारी चटई चिकटवली. चक्कर मारून आल्यावर तो म्हणाला, "सासुरवाशीण झाली म्हणा. तोंडातून शब्द नाही."

अप्पा म्हणजे धाकट्याचे वडील. ते निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर पूल, टाक्या आणि जिने कागदावर उभे केले होते, आणि अजूनही किराण्याच्या यादीतली अक्षरं नकाशावर लिहिल्यासारखी लिहीत. बायको गेल्यापासून ते दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत एकटे राहत होते. मध्यंतरी बल्ब बदलताना स्टुलावरून पडले. गुडघा सुजला, पावलं सुजायला लागली, आणि आठवड्यातून दोनदा शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायामोपचारासाठी न्यायचं ठरलं. ने-आण धाकट्याकडे. त्याची थोरली बहीण, जिला घरात सगळेच ताई म्हणत, तिची शाळेतली नोकरी त्या केंद्राजवळच होती. ती तिथे येऊन भेटे.

पहिल्या फेऱ्यांमध्ये अप्पा गाडीची थट्टा करत. ही गाडी आहे की पोट बिघडलेला रेडा, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. मग डोकं दुखू लागलं. मग मळमळ. मग ते गाडीत बोलेनासे झाले. रस्त्यावर गर्दी असे, सिग्नलला गाडी बराच वेळ उभी राही, अप्पांना गारठा सोसत नसे म्हणून काचा बंद आणि गरम हवा चालू. फक्त धाकट्याच्या बाजूची काच बोटभर उघडी असे. सायलेन्सरचा आवाज ऐकायची त्याची जुनी खोड होती. अप्पा पुढच्या सीटवर बूट काढून, सुजलेले पाय लांब करून बसत.

शांत सायलेन्सर लावल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत अप्पांनी आज वार कोणता हे तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्यांनी वार विचारला नाही. मागे वळून रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि तुझी आई कुठे उतरली, असं विचारलं.

केंद्राच्या वरच्या मजल्यावर स्मरणशक्तीची तपासणी करणाऱ्या एक डॉक्टर बसत. ताईने वेळ ठरवली. डॉक्टरांनी अप्पांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, कोरा कागद दिला आणि घड्याळाचं चित्र काढा म्हणाल्या, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. अप्पांनी वर्तुळ असं काढलं की कंपास ठेवला असता तरी फरक पडला नसता. मग आकडे घातले. ते सगळे उजव्या बाजूला, एकमेकांच्या अंगावर चढलेले. काटे काढायचे राहूनच गेले. कागद परत देताना ते समाधानाने हसले. ताई खिडकीकडे वळली. धाकटा त्या वर्तुळाकडे बघत राहिला.

या सगळ्यात एक गोष्ट समोर असून कोणालाच दिसली नाही. ताई अप्पांना भेटे ती केंद्रात. डॉक्टर भेटत त्या केंद्रात. धाकटा आणि त्याची बायको त्यांना पाहत ते जाता-येता. म्हणजे अप्पांबद्दल ज्यांचं मत मोजलं जात होतं ते सगळे त्यांना गाडीत किंवा गाडीतून उतरल्यावरच पाहत होते. खालच्या मजल्यावरचा शेजारी, जो त्यांच्याशी सकाळी बुद्धिबळ खेळे, तो जिन्यात धाकट्याला म्हणाला होता की, तुमचे वडील विसरतात म्हणता, पण माझा वजीर कुठे आहे ते माझ्याआधी त्यांना आठवतं. ताईने हे ऐकलं आणि म्हणाली, बाहेरच्यांसमोर माणूस सावरून घेतो, घरच्यांना खरं दिसतं.

मध्ये एकदा गाडी सर्व्हिसिंगला होती तेव्हा ताईने त्यांना टॅक्सीने नेलं. त्या दिवशी अप्पांनी घड्याळ काढलं, काटे बरोबर ठेवले, आणि वर ते भिंतीला टांगायचा खिळा पण काढला. डॉक्टर म्हणाल्या, चढउतार असतात, एका चांगल्या दिवसावर जाऊ नका. त्यांचंही चूक नव्हतं.

मग ती जागा पाहून झाली. ताई तिला वृद्धाश्रम म्हणत नसे, ती जागा म्हणे. बागेकडे खिडकी, भिंतीला धरायला दांडा, रात्री नर्स. महिन्याच्या शेवटी खोली रिकामी होणार होती. अप्पांना कसं सांगायचं यावर भावंडं बरेच दिवस चालढकल करत होती. शेवटी सांगितलं तेव्हा अप्पाच त्यांच्या मदतीला आले. मी गॅस चालू ठेवून झोपलो तर खालच्यांनी काय करायचं, असं म्हणाले आणि त्यांनी होकार दिला. दुसऱ्या दिवसापासून ते कपाट आवरायला बसले. ड्रॉइंगच्या पेनांचा डबा त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकला. तिथे मला काय काढायचंय, असं म्हणाले.

अप्पांचे कपडे धाकट्याच्या घरच्या मशीनमध्ये धुतले जात. एका सकाळी त्याची बायको हातात मोजे घेऊन बाहेर आली. तिचं म्हणणं साधं होतं. अप्पांच्या मोज्यांची टोकं काळी होतात, साबणाने निघत नाहीत. बूट पॉलिशचं असेल असं तिला आधी वाटलं, पण पॉलिश असतं तर टाचेला पण लागलं असतं.

"आणि घरात घालतात त्यांना काही नाही," ती म्हणाली. "फक्त तुझ्या गाडीत येताना घालतात तेच."

धाकट्याने मोजा नाकाला लावला. साबणाच्या वासाखाली आणखी एक वास होता, आणि तो त्याच्या ओळखीचा होता.

तो खाली पार्किंगमध्ये गेला. अप्पांच्या सीटसमोर वाकून त्याने पायाखालचा गालिचा उचलला आणि मोबाइलचा उजेड वर मारला. डॅशबोर्डच्या खाली, इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक होतं. भोकातून एक वायर आत आली होती. भोकाभोवती काजळीचं कडं होतं.

भोक त्याने स्वतः पाडलं होतं. डाउनपाइप बसवल्यावर धुराचं तापमान दाखवणारा मीटर त्याला हवा होता. सुटीच्या दिवशी ड्रिल घेऊन त्याने वायर आत घेतली. भोकाला रबराची रिंग बसवायची होती. बसवू म्हणाला आणि मीटर चालू झाल्याच्या आनंदात विसरला. ग्लोव्ह बॉक्स उघडला तर रिंग पुडीत तशीच होती, पुडीही फोडलेली नव्हती. त्या मीटरकडे तो रोज पाहत असे. धूर किती तापलाय ते मीटर अगदी अचूक सांगत होता.

धाकट्याचा पेशा लिफ्टच्या तपासणीचा. दाराला बोटभर फट राहिली तरी तो अख्ख्या इमारतीची लिफ्ट बंद करून जात असे, आणि लोकांच्या शिव्या शांतपणे ऐकून घेत असे. त्या सकाळी तो बराच वेळ अप्पांच्या सीटवर, पाय बाहेर सोडून बसून राहिला.

ठिणगीने गाडी वर उचलली. मागच्या नळीच्या तोंडाला चिंधी कोंबली, व्हॅक्युम क्लीनर उलटा लावून आत हवा भरली आणि डाउनपाइपच्या जोडावर साबणाचं पाणी फवारलं. टर्बोच्या तोंडाशी, जिथे दोन चकत्या एकमेकींवर बसतात, तिथे फेस फुगायला लागला. एका कडेने, सलग. तापून तापून चकती वाकली होती. फट एवढी बारीक होती की सायलेन्सर मोकळा असता तर थोडासाच धूर बाहेर पडला असता.

"आणि जाड्या डब्यामुळे?" धाकट्याने विचारलं.

ठिणगीने चिंधी काढली, हात पुसले. "तुंबलं की पाणी काय करतं, भाऊ?"

म्हणजे अप्पांचं डोकं दुखू नये म्हणून त्याने धुराची मागची वाट अरुंद केली, आणि धूर पुढच्या फटीतून अप्पांच्या पायाशी गेला. जाळी असती तर त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बराचसा जळून गेला असता. त्याला वास नसतो. जो वास मोज्यांना होता तो सोबतच्या काजळीचा. आणि फटीतून येणारी फुसफुस आधीच्या गोंगाटात नाही तरी नंतरच्या शांततेत ऐकू आली असती. पण तिच्यावर चटई चिकटवली होती. ठिणगी म्हणाला की बसवल्यावर साबण लावून बघायला हवं होतं, ते माझं चुकलं. धाकट्याने ते ऐकलं, पण त्यामुळे त्याला हलकं वाटलं नाही.

त्याने आधी ताईला सांगितलं, तिच्या शाळेच्या फाटकाबाहेर. रिंग न लावलेल्या भोकाचं सांगून झालं तेव्हा तिने विचारलं, "तू लिफ्ट बंद पाडतोस ना रे? एवढ्या एवढ्या फटीसाठी?" आणि मग, त्याच्याकडे न बघता, "मी म्हणत होते, घरच्यांना खरं दिसतं." तिने पर्समधून रुमाल काढला, पण नुसता हातात धरून ठेवला.

डॉक्टरांनी अप्पांचं रक्त तपासलं, पण तोवर कितीतरी दिवस ते गाडीत बसले नव्हते. रक्तात काही सापडणार नव्हतं. काही भरून येईल, काही कदाचित येणार नाही, असं त्या म्हणाल्या. आणि या वयात काही आपलं आपणही जात असतं. कोणतं कशामुळे गेलं हे वेगळं करून सांगणारी तपासणी नाही. महिन्याच्या शेवटी पुन्हा पाहू. ती जागा तोवर खोली धरून ठेवायला तयार होती.

अप्पांना सांगणं धाकट्याच्या वाट्याचं होतं आणि ताईने ते त्याच्यावरच सोडलं. तो गेला तेव्हा अप्पा अर्ध्या रिकाम्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. अप्पांनी कागद मागितला. पेनं दिलेली असल्यामुळे साध्या पेन्सिलीने त्यांनी पत्रा काढला, भोक काढलं, नळी, चकती, आपले पाय. धुराच्या वाटेवर बारीक बाण काढत गेले. सीटपर्यंत आल्यावर थांबले.

"चांगलं काम केलं असतंस," ते म्हणाले, "एक रिंग लावली असतीस तर."

धाकटा रडेल असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी पटकन चहा टाकायला सांगितला. तो स्वयंपाकघरात असताना ते बाहेरून बोलत राहिले, नेहमीच्या आवाजात. त्यांनी मनाची तयारी केली होती, ते म्हणाले. माणूस विसरायला लागला की घरच्यांनी काय करावं हे त्यांनी स्वतःच्या वडिलांच्या वेळी पाहिलं होतं, आणि आपली पाळी आली तर कुरकुर करायची नाही असं ठरवलं होतं. ते जमलंही होतं.

"आता पंचाईत झाली. काल किल्ली सापडेना. आधी वाटलं असतं, म्हातारपण. आता तिथे उभा राहून विचार करतोय, हे माझं की तुझ्या गाडीचं?"

धाकट्याने गॅस बंद केला. बंद झालाय का ते पुन्हा पाहिलं.

ठिणगीने भंगारातून त्याच गाडीची मूळची पहिली नळी मिळवली, जाळीसकट. मागचा डबाही कंपनीचा, मधला डबा नाही, चटई नाही. काय बसवू हे त्याने या वेळी विचारलं नाही आणि कुठली गंमतही केली नाही. इंजिन चालू ठेवून त्याने प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी दोनदा मारलं. मीटर काढला, वायर ओढून घेतली आणि भोक पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बुजवलं. गाडी आता कुठल्याही चार गाड्यांसारखी वाजत होती. शिवाय ताईने विषारी धूर आत आला की गजर वाजवणारी एक डबी आणून डॅशबोर्डवर चिकटवली. तिचा हिरवा दिवा लागलेला असे.

महिन्याच्या शेवटी अप्पा तपासणीला टॅक्सीने गेले, ताईबरोबर. धाकटा मागून एकटा आपल्या गाडीने आला. घड्याळ नीट निघालं. आकडे जागच्या जागी, काटे जिथे सांगितले तिथे. खिळा या वेळी नव्हता. तीन शब्दांपैकी दोन आठवले. तिसऱ्यासाठी अप्पा बराच वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. डॉक्टर थांबल्या, ताई थांबली, धाकट्याला तो शब्द माहीत होता आणि त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. शब्द आला नाही. सध्या घरी राहू द्या, कोणीतरी रोज डोकावत जा, आणि तीन महिन्यांनी परत या, असं डॉक्टर म्हणाल्या. ताईने तिथूनच फोन करून खोली सोडली. फोन ठेवल्यावर तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसायला हवी होती. ती दिसली नाही.

खाली आल्यावर अप्पा टॅक्सीची वाट न बघता धाकट्याच्या गाडीकडे गेले. ताई काही म्हणणार होती, पण ते दार उघडून पुढे बसलेही होते. बूट त्यांनी पायात ठेवले. धाकट्याने चारही काचा खाली केल्या. रस्त्याला लागल्यावर अप्पांनी अंगाभोवती हात आवळून घेतले आणि काच लाव म्हणाले. त्याने लावली, बोटभर ठेवून. पूर्ण, असं अप्पा म्हणाले. त्याने पूर्ण लावली. हिरवा दिवा हिरवाच होता.

पहिल्या सिग्नलला धाकट्याने सहज विचारल्यासारखं विचारलं की आज वार कोणता. अप्पांनी सांगितला. दुसऱ्या सिग्नलला त्याने विचारलं, काल शेजाऱ्याबरोबरच्या बुद्धिबळात कोण हरलं. अप्पांनी तेही सांगितलं, आणि वजीर कसा मारला ते पण. पुढचा सिग्नल लांबलचक होता. धाकट्याने विचारलं की ताईच्या शाळेच्या समोर काय आहे.

अप्पा बोलले नाहीत. ते समोरच्या ट्रककडे पाहत होते. धाकट्याचा हात काचेच्या बटणावर गेला. त्याने मान वळवून त्यांचा चेहरा पाहिला, ओठ पाहिले, डबीचा दिवा पाहिला, आणि पुन्हा चेहरा पाहिला.

"ऐकलंय मी," अप्पा म्हणाले. "उत्तर देत नाहीये."